तांबडा दिवा आणि खारें पाणी

ट्रॅक्टरच्या फलकावर तांबडा दिवा लागला असतांही ‘एवढें तास पुरें करूं’ म्हणून यंत्र हांकणारे शेतकरी बंधु संग्रामपूर तालुक्यांत आहेत. ही रीत आम्हांस घातक वाटते. पिंवळा दिवा थोडी सवड देतो. तांबडा देत नाहीं. तेलाच्या झारीचें चित्र उजळलें म्हणजे तेलाचा दाब पडला. तत्क्षणीं इंजिन बंद न केल्यास बेअरिंगें जळतात.

उष्णतेच्या दिव्याविषयीं तर आमच्या भागानें अधिक सावध असावें. तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मोडतो. जें बोअरचें पाणी पिकास देतांना आपण कचरतों, तेंच रेडिएटरमध्यें निःशंक ओततों! क्षारांचीं पुटें नळ्यांत बसतात, लोखंड गंजतें, इंजिन तापतें. मग एखादा मिस्त्री दिव्याची तारच काढून देतो व मालकाचें समाधान होतें. शुद्ध पाणी व कूलंट यांचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढें कांहींच नव्हे.

तापलेल्या रेडिएटरचें झांकण लागलीच काढूं नये; वाफेनें तोंड भाजतें. बॅटरीचा व उष्णतेचा दिवा एकदमच लागला, तर प्रथम पंख्याचा पट्टा तुटला आहे काय, तें पाहावें. बहुतेक यंत्रांत तोच पाण्याचा पंपही फिरवितो.