कुस्कोच्या आधी गाविलगड

१/ पेरूमधील कुस्को ही इंकांची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेली आहे. तेथे पोहोचलेला प्रवासी विरळ हवेची सवय होईपर्यंत थांबतो आणि मग साक्सायवामानची अजस्र तटबंदी पाहायला चढतो. नागपूरचा प्रवासी मात्र चिखलदऱ्यात दोन दिवस राहून, तेथील पॉइंट पाहून, शेजारच्या गाविलगडात पाऊल न टाकताच परततो.

२/ ही उपेक्षा समर्थनीय नाही. मेळघाटातील हा गड सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहा वली याने तो बांधविला, इमादशाहीत तो बळकट झाला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला.

३/ डिसेंबर १८०३. अडगावच्या पराभवानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांची मोठी भिस्त या गडावर होती. दक्षिणेस उभे कडे, उत्तरेस पठाराशी जोडणारी चिंचोळी सोंड. आर्थर वेलस्लीने दक्षिणेस तळ दिला. स्टीव्हन्सनने डोंगररानात रस्ता काढीत तोफा उत्तरेस ओढून नेल्या.

४/ १५ डिसेंबरला इंग्रज फौज भगदाडातून बाहेरच्या कोटात शिरली. आतला कोट अभंग होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळ चढून तटाला शिड्या लावल्या आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी कटक व वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गमावला.

५/ साक्सायवामानही स्पॅनिशांनी १५३६ मध्ये शिड्या लावूनच घेतले होते. उंची आणि दगड गडाला वाचवीत नाहीत, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

६/ ‘तिथे उरले काय?’ हा नेहमीचा आक्षेप. १८५८ मध्ये इंग्रजांनी गडाची मोडतोड केली, हे खरे. तरीही दरवाजावरील दुतोंडी गरुडाचे शिल्प, तलाव, मशीद आणि तोफा आहेत. मुख्य म्हणजे ती सोंड आणि ती घळ जागच्या जागी आहेत.

७/ सीताबर्डीची १८१७ ची लढाई नागपूरला ठाऊक असते. त्या पराभवाची पायवाट मात्र गाविलगडावरून उतरते. ती पुस्तकात कळते. पटते ती त्या सोंडेवर उभे राहिल्यावरच. कुस्को अवश्य पाहावे, पण आधी गाविलगड चढावा.