नत्राची गळती

मृगाचा पाऊस सुरू झाला, नांगरणी उरकली, तरवा हाताशी आला, की खेड्यापाड्यांतील सोसायट्यांच्या दारी युरियाच्या गोणी येऊन पडतात. त्या वेळेवर आल्या की नाहीत, पुरेशा आल्या की नाहीत, यावर चर्चा होते, प्रसंगी विधानसभेतही आवाज उठतो. परंतु घरी नेलेल्या गोणीतील किती खत भाताच्या मुखी लागले आणि किती पावसाबरोबर ओहोळाला गेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते आज विचारावयास हवा तो हाच प्रश्न.

हिशेब अवघड नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे २१ किलो भरते. पाणी भरलेल्या भातखाचरात फेकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी पीक साधारणपणे तीस ते चाळीस टक्केच उचलते, असा जगभरच्या भातशेतीचा अनुभव आहे. एकवीस किलोंतले सहा ते आठ किलो पिकाला मिळाले. बाकीच्यातील काही मातीत मुरून राहते, पण मोठा भाग हातचा जातो. त्याच्या जाण्याच्या वाटाही अनेक आहेत. साचलेल्या पाण्यात युरियाचा अमोनिया होतो आणि उन्हाच्या वेळी तो हवेत उडतो. खाचर कधी भरले, कधी सुकले, की नायट्रेट तयार होते आणि पुन्हा पाणी भरताच जमिनीतील जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात. जे उरते ते जमिनीखाली झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते किंवा बांधावरून वाहून जाते. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत, जेथे कोसळतो, तेथे ही शेवटची वाट किती रुंद असेल हे सांगावयास नको.

गोठ्याची गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला दहा किलो सुका चारा व खाद्य मिळते आणि त्यात १४ टक्के प्रथिने असतात असे धरू. त्यातून तिच्या पोटात सुमारे २२४ ग्रॅम नत्र जाते. दुधावाटे बाहेर येते ते अवघे पन्नास ग्रॅम. राहिलेले पावणेदोनशे ग्रॅम शेण आणि मूत्र यांतून बाहेर पडते. वर्षभराचा गुणाकार केला तर हे सुमारे ६३ किलो नत्र होते, म्हणजेच युरियाच्या तीन गोणी! एक गाय दर वर्षी तीन गोणी युरियाइतके नत्र आमच्या गोठ्यात टाकते आणि आम्ही सोसायटीच्या दारी चौथ्या गोणीची वाट पाहत उभे राहतो. यातील जे मूत्रात असते तेच सर्वांत चंचल. शेणातील जिवाणू त्याचा पाहता पाहता अमोनिया करतात. गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा दर्प म्हणजे पैशाला फुटलेले पंखच होत. राहिलेले शेण उघड्या उकिरड्यावर पडते, त्यावर पावसाळ्याचे चार महिने धारा कोसळतात आणि दसऱ्याला शेतकरी खत म्हणून जे उचलतो तो बहुधा धुऊन निघालेला चोथा असतो.

हे नुकसान केवळ खिशाचे असते तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. पण हे नत्र जाते कोठे? खाजनातले पाणी मानशीतून मांडवीला आणि जुवारीला मिळते. त्याच पाण्यावर आमची मासळी आणि कोळंबी वाढते. नत्राने शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायू कमी होणे हा निसर्गाचाच क्रम आहे. खोलातले पाणी वर येण्याने तो घडतो. परंतु दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की हे संकट तीव्र होत आहे आणि जमिनीवरून येणारे नत्र हे त्याचे एक कारण असू शकते. त्या पाण्यातून मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो तो नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो आणि वर ओझोनच्या थराचीही झीज करतो. शेतकऱ्याने खाचरात फेकलेली मूठ आणि मच्छीमाराचे रिकामे जाळे यांच्यामध्ये जे अंतर दिसते, ते वाटते तितके मोठे नाही.

मग दोष कोणाचा? शेतकऱ्याकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ४५ किलो युरियाची मूळ किंमत २४२ रुपये आणि इतर खते कितीतरी महाग, अशी व्यवस्था खुद्द सरकारने केली आहे. २०१० साली पोषणमूल्यांवर आधारित अनुदानाची योजना आली तेव्हा स्फुरद आणि पालाश तिच्यात घेतले गेले, युरिया मात्र बाहेर ठेवला गेला. परिणाम उघड आहे: स्वस्त ते भरमसाट आणि महाग ते नावापुरते. २०१५ साली सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, २०१८ साली गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोंची झाली. दोन्ही उपाय योग्य दिशेचे होते, परंतु किमतीचा मूळ रोग तसाच राहिला. २०२२–२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्र सरकारचे दोन लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाले. यातील किती रुपये अमोनिया होऊन हवेत गेले, याचा जमाखर्च कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

यावर काही उत्साही मंडळींचे उत्तर ठरलेले असते : रासायनिक खत बंद करा! आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रातोरात असा हुकूम काढला, भाताचे पीक कोसळले आणि नोव्हेंबरात तो मागे घ्यावा लागला. त्या प्रयोगाची किंमत गरिबाच्या ताटाने चुकविली. उलट टोकाला हॉलंड आहे. तेथे जनावरे बेसुमार वाढू दिली गेली, निर्णय दशकानुदशके लांबणीवर पडले आणि अखेर २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचे नत्रविषयक धोरणच रद्दबातल ठरविले. परवाने अडकले आणि त्याच वर्षी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यांवर उतरले. आमचा रोग हॉलंडचा नव्हे. आमच्याकडे जनावरे जास्त नाहीत, कमी आहेत; आम्हांला लागणारे बहुतेक दूध शेजारच्या राज्यांतून येते. पण घाई आणि दिरंगाई या दोन्हींचे फळ कडू असते, एवढा धडा या दोन देशांकडून घेण्यासारखा आहे.

आणि उपाय शोधण्यासाठी तर परदेशी जाण्याचीही गरज नाही. कोकणातील भातशेतीसाठी डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री पद्धत सांगितली. भाताचा तूस व पेंढा जमिनीला परत देणे, बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला चिखलणीत गाडणे, पंधरा व पंचवीस सेंटिमीटर आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करणे आणि दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. गोळी चिखलात खोल गेल्याने अमोनिया उडत नाही आणि पाण्याबरोबर वाहतही नाही. हेक्टरी सुमारे १७० किलो गोळ्या, म्हणजे सुमारे ५९ किलो नत्र, त्यात काम भागते. यात अडचण आहे ती मजुरीची, आणि ती खरी अडचण आहे. हेक्टरी साठ हजारांवर गोळ्या हाताने खोचावयाच्या, आणि लावणीला माणूस मिळत नाही, अशा दिवसांत हा सल्ला देणे सोपे, आचरणे कठीण. परंतु जे शासन यांत्रिक लावणीला साहाय्य देऊ शकते, त्याला गोळी खोचण्याच्या यंत्राला साहाय्य देणे का जमू नये?

ज्याला एवढेही शक्य नाही त्याने युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्यावा, आभाळ भरून आले असता गोण फोडू नये आणि पानाचा रंग तक्त्याशी ताडून मगच हात सोडावा. गोठ्याला पक्की जमीन, मूत्र वाहून नेणारी चरी, तिच्या तोंडी खड्डा, त्यात पातेरा आणि भाताचा पेंढा, आणि शेणखड्ड्यावर पावसापासून झापांचे का होईना, पण छप्पर! यांत न परवडण्यासारखे काय आहे? तरव्याच्या जागी शेण व पाला भाजण्याची कोकणातली जुनी चाल तणासाठी सोयीची असेल. पण त्या धुरात नत्रच जळते, हे आता तरी ओळखले पाहिजे.

आमची मागणी मर्यादित आहे. राज्य सरकारने गाय घेण्यासाठी जे साहाय्य दिले जाते त्याच्या जोडीला झाकलेल्या शेणखड्ड्याचे साहाय्य द्यावे. दूध सोसायट्यांनी दुधाच्या हिशेबाबरोबर शेणखताचाही हिशेब ठेवावयास सभासदांना शिकवावे. गावोगावच्या विहिरींतील नायट्रेट नियमित तपासून त्याचे आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, हा आपल्याच देशाचा दंडक आहे. केंद्राने युरिया महाग करावा असे आम्ही म्हणत नाही, पण वाचविलेल्या युरियाचे अनुदान वाचविणाऱ्या शेतकऱ्याच्याच पदरात पडेल अशी सोय त्याने करावी. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत नत्राविषयीचा ठराव भारताच्याच पुढाकाराने संमत झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलंबो जाहीरनाम्याने २०३० पर्यंत नत्राची नासाडी निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरविले. जागतिक व्यासपीठावर पुढारपण करणाऱ्या देशाच्या खेड्यात शेणखड्डा उघडा असावा, हे शोभणारे नाही.

ज्या पूर्वजांनी बांद घालून आणि मानस बसवून खारे पाणी शेताबाहेर ठेवले, त्यांना आत काय येऊ द्यावे आणि बाहेर काय जाऊ द्यावे याची जाण होती. त्यांनी समुद्राला अडविले. आम्हांला अडवावयाचे आहे ते आपल्याच शेताचे सत्त्व. हे काम त्यांच्या कामाहून निश्चितच सोपे आहे.