खोक्यावरचे व्होल्ट आणि आपल्या सहीचे बिल

दिवाळीचा हंगाम संपल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांत एकच तक्रार आहे. घरगुती वापरासाठी म्हणून विकलेली स्वस्त ड्रिल मशिने परत येत आहेत. खोक्यावर ‘48 व्होल्ट’ किंवा ‘88 व्होल्ट’ ठळक छापलेले असते आणि मशीन पडद्याच्या दांडीची चार भोके पाडतानाच दमते. गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडते, दुकानदार वितरकाकडे बोट दाखवतो, आणि वितरकाकडे ना कार्बन ब्रश असतात, ना आर्मेचर. पत्रे लिहिणाऱ्यांचा सगळा रोष आयातदारांवर आणि ऑनलाइन विक्रीवर आहे. तो रास्त आहे, पण अपुरा आहे. ते खोके गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी आपल्या काउंटरवर आलेले असते, आणि ते खोटे आहे की खरे हे ठरवण्याचे साधन आपल्या गल्ल्याशेजारीच पडलेले असते.

ते साधन म्हणजे मल्टिमीटर. लिथियम-आयन सेलचा नाममात्र दाब 3.6 व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्ट, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. पाच सेल एका ओळीत जोडले की 18 व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला 21. तीन सेलचे 10.8 आणि 12.6. नामवंत कंपन्यांचे ‘18 व्होल्ट’ आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ हे दोन्ही त्याच पाच सेलचे पॅक आहेत; फरक फक्त मोजणी कोणत्या क्षणी केली याचा. एवढी सवलत व्यवहारात मान्य झालेली आहे. पण 48 व्होल्टला पूर्ण चार्ज धरूनही निदान बारा सेल ओळीत लागतात. मुठीएवढ्या पॅकमध्ये ते मावत नाहीत, आणि पॅक उघडला तर बहुधा पाचच निघतात. चार्ज केलेल्या पॅकच्या टर्मिनलला प्रोब लावले की मिनिटभरात निकाल लागतो. विजेवर चालणाऱ्या मशिनांची गोष्ट वेगळी नाही. खोक्यावर मोठा वॅटचा आकडा असतो आणि मशीनच्या अंगावरच्या पाटीवर आकडाच नसतो. हातात धरायच्या मोटरयंत्रांसाठीचे आयईसी 62841 हे मानक यंत्राच्या अंगावरच रेटेड व्होल्टेज, इनपुट आणि दुहेरी इन्सुलेशन असल्यास त्याची चौकोनात चौकोन ही खूण मागते. टू-पिन प्लग आहे, अर्थिंग नाही आणि ही खूणही नाही, असे मशीन न्हाणीघरात गीझरचा ब्रॅकेट बसवण्यासाठी कोणाच्या हातात देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

मग परवडणारे घरगुती ड्रिल कोणते? आधी भिंत पाहायची आणि मग मशीन. विटांची भिंत, एएसी ब्लॉक, प्लायवूड आणि पातळ पत्रा ही घरातली बहुतेक कामे 500 वॅटच्या, 10 किंवा 13 मिलिमीटर चकच्या, कमी-जास्त वेगाच्या ट्रिगरच्या आणि रिव्हर्स असलेल्या साध्या इम्पॅक्ट ड्रिलने होतात. टाइलवर भोक सुरू करताना आणि एएसी ब्लॉकमध्ये इम्पॅक्ट बंद ठेवायचा, हे गिऱ्हाइकाला सांगितले की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. घोडे अडते ते आरसीसीत. खिडकीवरची पडद्याची दांडी लिंटेलवर येते, टीव्हीचा ब्रॅकेट कॉलमवर येतो, आणि इम्पॅक्ट ड्रिलमधल्या दोन दातेरी चकत्यांचे हजारो हलके ठोके काँक्रीटमधल्या खडीला काही करू शकत नाहीत. तिथे हवेच्या दाबाने पिस्टन हाणणारा एसडीएस-प्लसचा रोटरी हॅमरच लागतो. त्याचे ठोके संख्येने कमी असतात, पण प्रत्येक ठोक्याला वजन असते. वर्षातून आठ-दहा भोके पाडणाऱ्या कुटुंबाने यासाठी हॅमर विकत घेण्याची गरज नाही. तो दिवसाच्या भाड्याने द्यावा. भाड्याने हत्यार देण्याची रीत सेंट्रिंगच्या आणि व्हायब्रेटरच्या धंद्यात जुनी आहे; हार्डवेअरच्या दुकानाने ती उचलायला काय हरकत आहे? म्हणजे स्वस्तपणा चुकीचा नाही. तो कुठे कापायचा हे ठरवले पाहिजे. वॅट कमी चालतील, प्लास्टिकची पेटी नसली तरी चालेल, शंभर नगांच्या किटची तर मुळीच गरज नाही. त्या किटमधले मॅसनरी बिट पहिल्याच कडक भिंतीत बोथट होतात आणि खापर मशीनवर फुटते. त्याऐवजी 6 आणि 8 मिलिमीटरचे दोन चांगले कार्बाइड टोकाचे बिट आणि मापात बसणारे रॉल प्लग द्यावेत. इन्सुलेशन, ट्रिगर स्विच, चक आणि सुटे भाग यांत मात्र एक रुपयाही वाचवू नये.

आता सरकारी कारभाराकडे. 2011 च्या वैधमापन आवेष्टित वस्तू नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावा लागतो. आकड्यांची उंची किती मिलिमीटर असावी हेसुद्धा नियमात लिहिलेले आहे. पण या यादीत खोक्यावरचे व्होल्ट खरे आहेत का, हा प्रश्न नाही. परिणामी ज्या खोक्यावर किमतीचा आकडा बारीक छापला आहे ते पकडले जाऊ शकते, आणि ज्यावर अठराचे अठ्ठेचाळीस केले आहेत ते तपासणीतून सुखरूप बाहेर पडते. निरीक्षकाच्या हाती फूटपट्टी आहे, मल्टिमीटर नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचे खोटे वर्णन ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. अधिकार कागदावर आहे. तो या खोक्यांपर्यंत पोचलेला दिसत नाही. रेटेड व्होल्टेज, सेलची संख्या आणि इनपुट वॅट ही माहिती पॉवर टूलच्या खोक्यावर सक्तीची करायला नवा कायदा नको, आवेष्टित वस्तू नियमांच्या यादीत एका ओळीची भर पुरेल. ती घालायला कोणाला वेळ का मिळत नाही, याचे उत्तर संबंधितांनी द्यावे.

तोवर थांबून राहणाऱ्या दुकानदारांनी त्याच ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 86 वाचावे. ज्या वस्तूचा उत्पादक कोण हेच कळत नाही, किंवा कळला तरी त्याला नोटीस बजावता येत नाही, अशा सदोष वस्तूने कोणाला इजा झाली, तर तिची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. बॅटरी पेटली, शॉक बसला, तर बिलावर सही कोणाची आहे हे पाहिले जाईल. वितरकाने खाजगीत दिलेल्या तोंडी हमीचा तिथे उपयोग नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की आपण विकले नाही तर शेजारचा विकेल, नाहीतर मोबाइलवर मिळेल. मिळेल, हे मान्य. पण मोबाइलवरच्या किमतीशी त्याच मालाने झुंजून दुकान कधी जिंकत नाही. दुकानाकडे जे आहे ते मोबाइलकडे नाही: भिंत कोणती हे विचारणारा माणूस, चालवून दाखवलेले मशीन, आणि सहा महिन्यांनी ब्रश बदलून देणारा मिस्त्री. खोटे खोके विकले की ही तिन्ही बलस्थाने आपण आपल्या हाताने सोडून देतो. दुसरा आक्षेप, गिऱ्हाइकाला स्वस्तच हवे असते. ते बरोबर आहे, आणि त्याला स्वस्त मागण्याचा पूर्ण हक्क आहे. पण हजार रुपयांचे मशीन दोनदा घेतले तर नामांकित कंपनीच्या साध्या 500 वॅटच्या मशीनएवढी किंमत जवळपास मोजून होते, आणि हाती राहतात दोन मोडकी मशिने. हा हिशेब काउंटरवर मांडला तर बहुतेकांना पटतो. तो मांडण्याचा कंटाळा ही गिऱ्हाइकाची चूक नाही, आपली आहे.

म्हणून या मासिकाचे सर्व हार्डवेअर आणि पॉवर टूल विक्रेत्यांना आवाहन आहे. मालाची नवी खेप उतरवताना प्रत्येक मॉडेलचा एक नग उघडा, पाटी वाचा, पॅक चार्ज करून व्होल्ट मोजा. खोक्यावरचा आकडा आणि मोजलेला आकडा जुळत नसेल तर सगळी खेप वितरकाला लेखी कारण देऊन परत करा. ज्या मॉडेलचे कार्बन ब्रश आणि स्विच वितरक देऊ शकत नाही, ते मॉडेल ठेवू नका. बिलावर ‘ड्रिल मशीन, नग एक’ एवढे लिहून थांबू नका. कंपनी, मॉडेल, रेटेड वॅट किंवा व्होल्ट आणि वॉरंटीची मुदत लिहा. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या व्यापारी संघटनांनी ठराव करून वैधमापन विभागाकडे खोक्यावरील माहितीच्या सक्तीची मागणी पाठवावी आणि तिची पोच जपून ठेवावी. ज्या संघटना वर्षातून एकदा स्नेहमेळाव्यापुरत्या जाग्या होतात, त्यांच्या सभासदांनी हा विषय पुढच्या सभेच्या कार्यपत्रिकेवर घालण्याचा लेखी आग्रह धरावा. एकेकटा दुकानदार माल परत करतो तेव्हा वितरक दुसरे दुकान शोधतो. एका बाजारपेठेतली सगळी दुकाने परत करू लागली की त्याला आयातदाराला जाब विचारावाच लागतो. सुरुवात आज गोदामात असलेल्या मालापासून करा.