घरची बिनतारी व घरचीं माणसें

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं इंटरनेटची बिनतारी जोडणी, म्हणजे बोलण्यांतलें वायफाय, आलेलें आहे. ज्या घरीं तें आहे त्या घरीं त्याचा एक अधिकारीही ठरलेला असतो, आणि तो बहुधा घरांतील सर्वांत लहान माणूस असतो. जोडणी बंद पडली कीं वडील माणसें त्याला हाक मारितात. तो कपाळाला आठ्या घालून येतो, पेटीचें एखादें बटण दाबतो व मिनिटभरांत निघून जातो. काम होतें खरें; परंतु आमच्या मतें ही दुरुस्ती अर्धीच असते.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट सांगतों. आईबाप नोकरीस जातात, नातू शाळेंत असतो, व दुपारभर आजी एकटी घरीं असते. तिची लेक परगांवीं दिलेली आहे. दर गुरुवारीं दुपारीं मायलेकी टॅब्लेटवर एकमेकींचें तोंड पाहून बोलतात. एका गुरुवारीं टॅब्लेट कांहीं केल्या लागेना. आजीनें लेकीला साध्या फोनवरून कळविलें कीं, आज मला सवड नाहीं. पुढच्या गुरुवारीं तिनें डोकें दुखण्याचें निमित्त सांगितलें; तिसऱ्या गुरुवारीं पाहुण्यांचें. घरांत इतरांचे फोन नीट चालत असल्यामुळें कोणाच्या कांहीं लक्षांत आलें नाहीं. अखेर लेकीनेंच भावाला विचारिलें, तेव्हां उलगडा झाला. टॅब्लेटवरील वायफायचें चिन्ह बोटाच्या चुकार स्पर्शानें बंद झालें होतें. तें पुन्हां चालू करण्यास पाव मिनिटही लागलें नाहीं. पण तीन गुरुवार गेले ते गेलेच.

आजी गप्प कां राहिली? कारण त्यापूर्वीं एकदां जोडणी बंद पडली असतां नातवानें आल्या आल्या विचारिलें होतें, “आजी, याला हात कोणीं लावला?” तो प्रश्न तिच्या मनांत रुतून बसला होता. आपल्या हातून यंत्र मोडलें असें तिला वाटलें, व तें कबूल करण्याचें तिला भय वाटलें. सत्तरी उलटलेल्या बाईला स्वतःच्या घरांत नातवाचें भय वाटावें, ही गोष्ट आम्हांस बिघडलेल्या कोणत्याही यंत्रापेक्षां अधिक गंभीर वाटते. शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेंही तो प्रश्न चुकीचाच होता. बिघाड शोधणाऱ्यानें पहिल्यानें विचारावयाचें तें “हात कोणीं लावला?” हें नव्हे, तर “अडलें आहे कोठें?” हें होय.

आणि हा दुसरा प्रश्न आमच्या वडील पिढीला मुळींच नवा नाहीं. सकाळीं नळाला पाणी आलें नाहीं तर घरची बाई काय करिते? ती प्रथम न्हाणीघरांतील दुसरा नळ सोडून पाहते. तोही कोरडा असेल तर गच्चीवरची टांकी पाहते. टांकीही रिकामी असेल तर शेजारणीस विचारिते, “तुमच्याकडे पाणी आलें का?” एवढ्यानें दोष नळाचा, टांकीचा कीं नगरपालिकेचा हें तिला कळतें. घरच्या इंटरनेटचा शोध हाच आणि एवढाच आहे. उणीव आहे ती केवळ भागांच्या नांवांची, आणि तीं नांवें सांगणें हें मुलांचें काम आहे.

तीं नांवें अशीं. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. कंपनीकडून घरापर्यंत इंटरनेट येतें तें हल्लीं बहुतेक शहरांत कांचेच्या केंसासारख्या बारीक तंतूंतून, प्रकाशाच्या रूपानें येतें. ही झाली नगरपालिकेची नळवाट. घरांतील पेटी, जिला राउटर म्हणतात, ती टांकी होय. (कांहीं घरीं पेट्या दोन असतात; एक प्रकाश घेणारी व दुसरी लहरी सोडणारी.) पेटीपासून फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र बिनतारी असतो, व तेवढ्यालाच वायफाय म्हणावयाचें. आणि फोन हा नळ. म्हणून “वायफाय गेलें” असें कोणी म्हणालें तर तीनही ठिकाणें पाहिल्यावांचून निदान करूं नये.

पहिली परीक्षा नळाची. घरांतील दुसरा फोन चालतो का पहावें. तो चालत असेल तर पेटीला हातही लावूं नये. दोष पहिल्या फोनचा आहे. त्यावरील वायफायचें चिन्ह बंद आहे का, विमानाचें चिन्ह चुकून चालू झालें आहे का, अथवा तो शेजाऱ्याच्या जोडणीचें नांव धरून बसला आहे का, हें पहावें. आजीच्या टॅब्लेटला एवढीच परीक्षा पुरली असती.

दुसरी परीक्षा टांकीची. कोणताच फोन चालत नसेल तर पेटीकडे जावें व तिचे दिवे पहावे. एकही दिवा नसेल तर वीज पोंचत नाहीं. इस्त्रीसाठीं कोणीं प्लग काढला असण्याचा संभव असतो. कांचेच्या तंतूच्या पेटीवर ‘एल. ओ. एस.’ अशीं अक्षरें असलेला एक दिवा बहुधा असतो. तो लाल झाला म्हणजे कंपनीकडून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोंचत नाहीं असें समजावें. केबल कपाटाखालीं चिरडली किंवा काटकोनांत मुडपली असेल तर ती हलक्या हातानें मोकळी करावी, कारण अशा वळणावर प्रकाश गळून जातो. तिचें टोंक काढून डोळ्यासमोर मात्र कधींही धरूं नये. आंतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, पण अपाय करूं शकतो. एवढें करूनही दिवा लालच राहिला तर दोष घराबाहेरचा आहे. कंपनीला कळवावें व स्वस्थ रहावें.

दिवे ठीक असूनही कांहीं चालत नसेल तर पेटी बंद करून पुन्हां चालू करावी. पुष्कळ वडील माणसांस हा निव्वळ तोडगा वाटतो. पण त्यास कारण आहे. राउटर हा एक लहानसा संगणकच आहे. दिवसेंदिवस चालत राहिल्यानें त्याच्या कामांत कधीं कधीं गुंता होतो. वीज तोडली कीं त्याची तात्पुरती स्मृति पुसली जाते व तो आरंभापासून नीट काम मांडतो. बंद केल्यावर सावकाश तीस अंक मोजावे, मग चालू करावा, व पांच मिनिटें वाट पहावी. वाट न पाहतां पुन्हां पुन्हां खटका दाबणें हीच येथील मोठी चूक होय. दुसरी याहून मोठी चूक म्हणजे पेटीच्या मागील बारीक छिद्रांत टांचणी खुपसणें. त्यानें कंपनीनें भरून दिलेली मांडणी पुसली जाते, व पांच मिनिटांचें काम दोन दिवसांवर जातें. याउपरही कांहीं चालेना, तर जोडणीचे पैसे भरण्याची मुदत संपली आहे का हें पहावें.

राहिला प्रश्न एखाद्याच खोलींत जोडणी मंद असण्याचा. येथें दोष भिंतींचा असतो. पेट्या बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक सुमारें १२ सेंटिमीटर लांबीची व दुसरी सुमारें ६ सेंटिमीटर लांबीची. आंखूड लहरींत वेग अधिक, पण भिंत ओलांडण्याची ताकद कमी. लांब लहरीचें याच्या उलट. फोनवर एकाच घरचीं दोन नांवें दिसतात तीं पुष्कळदां यामुळेंच. दूरच्या खोलींत बसणाऱ्यानें लांब लहरीचें नांव निवडावें. पेटी लोखंडी कपाटाच्या मागें किंवा पाण्याच्या पिंपाशेजारीं ठेवूं नये, कारण धातु लहरींना अडवितो व पाणी त्यांना शोषून घेतें. ती घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागीं असावी.

या सर्वांत नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पहावा. प्रयोगशाळेंत गुरुजी हेंच शिकवितात. चार गोष्टी एकदम बदलल्या तर जोडणी सुरू होईलही, परंतु दोष कोणता होता हें कधींच कळणार नाहीं.

कोणी विद्यार्थी म्हणेल, हें सर्व आजीला शिकविण्यास तास लागेल; मी स्वतः केलें तर मिनिट लागतें. हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. उद्यां तुम्ही पुण्यामुंबईस कॉलेजांत जाल, तेव्हां तें मिनिट कोण देणार? एकटें व गोंधळलेलें माणूस मग इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतें, व तेथें खोटे क्रमांक टाकून बसलेले भामटे त्याची वाटच पाहत असतात. ते गोड बोलून फोनमध्यें एखादें ॲप घालावयास लावतात, ओटीपी विचारून घेतात आणि बँकेंतील ठेव नाहींशी करितात. असें घडलेंच तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. परंतु घडूं न देणें हेंच बरें.

यास्तव आमची सूचना अशी. या सुटींत प्रत्येकानें एक जाड कागद घ्यावा व त्यावर मोठ्या, सुवाच्य मराठी अक्षरांत लिहावें: नीट चालत असतां कोणते दिवे लागलेले असतात, बंद पडल्यास कोणत्या क्रमानें काय पहावें, कंपनीच्या बिलावर छापलेला तक्रारीचा क्रमांक व आपला ग्राहक क्रमांक, आणि शेवटीं, ओटीपी कोणासही सांगूं नये. तो कागद पेटीजवळ चिकटवावा. मग पेटी मुद्दाम बंद करून वडील माणसांच्या हातून एकदां सर्व करवून घ्यावें, व तें चाललें असतां आपले हात पाठीमागें बांधून उभें रहावें. हें शेवटचें फार कठीण आहे, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

पालकांसही एक विनंति आहे. “आम्हांला यांतलें काय कळतें?” असें म्हणून मागें सरूं नये, आणि मुलाकडून शिकण्यांत कमीपणा मानूं नये. ज्यांनीं याच मुलांचा हात धरून पाटीवर अक्षरें गिरवून घेतलीं, व एकच अक्षर शंभर वेळां चुकलें तरी धीर सोडला नाहीं, त्यांस मुलांकडून तितकाच धीर मागण्याचा हक्क आहे. आईबापांचा मान राखण्याविषयींची आज्ञा आमचीं मुलें शाळेंत ऐकतात व पाठही म्हणतात. तो मान अशा लहानशा कामांत राखला जातो, किंवा येथेंच मोडतो.

वर सांगितलेल्या घरीं असा कागद आतां भिंतीवर लागला आहे. गेल्या पावसाळ्यांत नातू शाळेंतून आला, तेव्हां आजी म्हणाली, “लाल दिवा लागला होता. केबल पाहिली, ती ठीक होती. कंपनीला फोन केला आहे. उद्यां माणूस येणार आहे.” नातवाला करावयास कांहींच उरलें नव्हतें. तो तिच्याजवळ बसून चहा प्याला.