परसदारी : मधपेटीची उन्हाळी निगा

उन्हाळा लागला की मधपेटी बाळगणाऱ्याचे लक्ष साहजिकच मधाकडे वळते. मधमाश्यांचे लक्ष मात्र याच दिवसांत पुढील पावसाळ्याकडे असते. उन्हाळ्यातील निगेचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

बंगळूरच्या आग्नेयेकडील सर्जापूर रोडच्या परिसरात आपले बिऱ्हाड असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये बहरलेला करंज आपण पाहिला असेल. हा मधमाश्यांच्या सुगीचा काळ. पुढे पावसाची झड लागली की त्यांचे बाहेर पडणे कमी होते, फुलेही विरळ होतात. तेव्हा घरात साठविलेला मधच वसाहतीस तारतो.

आपल्याकडे पेटीत बहुधा सातेरी माशी नांदते. कर्नाटकात तिला ‘तुडुवे’ म्हणतात. ती तशी शांत, पण मानी. उपासमार, उष्मा, किडीचा उपद्रव किंवा वारंवार होणारी छेडछाड सहन न झाल्यास सारी वसाहत पोळी टाकून निघून जाते. उंच इमारतींच्या छज्ज्यांना लोंबणारी आग्या माशी वेगळी; तिच्या वाटेस जाऊ नये.

पेटीची तपासणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन चढण्यापूर्वी करावी. तोंडावर जाळी घ्यावी, धूर बेताचा द्यावा आणि पेटीच्या बाजूस उभे राहावे. उष्म्याने मेण मऊ होते. म्हणून चौकट आडवी न करता पेटीवरच उभी धरून पाहावी, नाहीतर पोळे तुटून पडते. राणीमाशी शोधत बसण्याचे कारण नाही. अंडे तीन दिवसांत उबते. तेव्हा घरांच्या तळाशी अंडी दिसली, तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तेथे होती असे खुशाल समजावे.

पोळ्यावर रेशमी जाळी किंवा तळपाटावर भुसा दिसल्यास मेणकिडा शिरला असे जाणावे. तळपाट स्वच्छ करावा आणि जुनी, रिकामी पोळी काढून घ्यावीत. अळ्या पिशवीसारख्या फुगून मेलेल्या आढळल्यास त्या पेटीतील चौकट दुसरीत घालू नये व जाणकारास दाखवावे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेतील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या होत्या.

पिलाव्यास सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती वाढू नये म्हणून कामकरी माश्या पाणी आणतात आणि दाराशी पंखांनी वारा घालतात. त्यांचे हे श्रम आपण हलके करू शकतो. पेटीवर दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन येऊ देऊ नये. झाकणावर ओले गोणपाट घालावे, पण दार मोकळे ठेवावे. जवळच उथळ ताटलीत खडे घालून रोज ताजे पाणी ठेवावे. मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत.

मध घ्यावा तो केवळ वरच्या मधकोठीतील, मेणाने झाकलेला. खालच्या पिलावा-कोठीतील मधास हात लावू नये. अन्न कमी वाटल्यास साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटीस येतात.

शेजाऱ्यांना पेटीची कल्पना द्यावी. डासांसाठी धूर किंवा बागेत औषध मारायचे असेल, तर आदल्या दिवशी कळविण्याची विनंती करावी. दंश झाल्यावर धाप लागली अथवा अंगभर गांधी उठल्या, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शास्त्रशुद्ध शिक्षण हवे असणाऱ्यांसाठी पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातही या विषयाचा अभ्यास होतो.

मेअखेर शेवटची तपासणी करताना पिलावा-कोठीतील चौकटी हाताला जड लागल्या, तर पावसाळ्याची बेगमी झाली असे समजावे. हलक्या लागल्या, तर त्या वर्षी आपली बरणी रिकामी राहू द्यावी.