खोली वाढवताय? आधी पाण्याची वाट ठरवा

आईला जिना चढवेना, म्हणून आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी एक खोली काढली. दहा बाय बारा, जुन्या भिंतीला लागून, वर सपाट स्लॅब. मे महिन्यात रंग झाला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंख्याच्या डब्यातून थेंब पडू लागले. तिची कॉट या भिंतीपासून त्या भिंतीला सरकवली, खाली परात ठेवली. गवंडी आला आणि पंख्याच्या बरोब्बर वर, स्लॅबवर सिमेंटचं पाणी ओतून गेला. गळती तिथं नव्हतीच. जुनी भिंत आणि नवा स्लॅब जिथं एकमेकांना टेकतात तिथं केसाएवढी भेग गेली होती. पाणी तिथून शिरायचं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून सहा फूट चालायचं आणि पंख्याशी बाहेर पडायचं. आईनं तो सगळा पावसाळा ओल्या भिंतीच्या वासात काढला. तुमच्या घरी हे होऊ नये म्हणून लिहितो आहे.

खोली वाढवणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो हा: वर काय टाकू? कोबा, डांबरी शीट की केमिकल? मी म्हणतो, जरा थांबा. पाणी कुठून कुठं जाणार ते आधी ठरवा. दहा फुटांच्या स्लॅबला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान सव्वा इंच उतार हवा, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोन इंच. हा उतार नव्या खोलीच्या बाहेरच्या बाजूला असावा, जुन्या घराकडे कधीही नसावा. पाणी बाहेर काढायला चार इंची पाइप दोन ठेवा. एक पानांनी तुंबला तरी दुसरा चालू राहतो. कठड्यात थोड्या उंचीवर एक मोकळं भोकही ठेवा, म्हणजे दोन्ही तुंबले तरी तळं साचून पाणी दारातून आत येणार नाही.

आता त्या सांध्याबद्दल, कारण वाढीव खोल्यांचा जीव तिथंच अडकलेला असतो. जुनं घर वीस-तीस वर्षांत जमिनीत जेवढं बसायचं तेवढं बसलेलं असतं. नव्या खोलीचा पाया अजून बसणार असतो. त्यात उन्हानं स्लॅब ताणतो, रात्री आकसतो. म्हणजे दोघांमध्ये थोडी हालचाल होणारच, ती कुणाला थांबवता येत नाही. सांध्यात सिमेंटचा माल ठासून भरला की तो वर्षभरात तडकतो, कारण सिमेंट ताणत नाही. तिथं ताणलं जाणारं सीलंट भरायला हवं. त्यानंतर जुन्या भिंतीचं प्लास्टर फूटभर उंचीपर्यंत काढायचं, विटेत आडवी खाच पाडायची, स्लॅबवरचं आवरण भिंतीवर चढवून त्याची कड त्या खाचेत घालायची आणि वरून प्लास्टर करायचं. भिंतीवरून ओघळणारं पाणी मग आवरणाच्या मागे जात नाही, त्याच्यावरून खाली येतं. कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, गवंड्याला गोल वाटा मारायला सांगा. काटकोनात कुठलंही आवरण दुमडतं आणि पहिलं तिथंच फाटतं. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. तरी ते दहातल्या आठ ठिकाणी टाळलेलं मी पाहिलं आहे.

एवढं झालं की मग आवरण निवडा.

विटांच्या तुकड्यांचा कोबा आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो, त्यावर चालता येतं, पापड वाळत घालता येतात, खालची खोलीही थोडी थंड राहते. पण त्याचं वजन कुणी सांगत नाही. सरासरी साडेचार इंचाचा कोबा दहा बाय बाराच्या खोलीवर जवळजवळ अडीच टन भरतो. स्लॅबची सळई ठरवण्याआधी हे इंजिनिअरच्या कानावर घाला. स्लॅब पडल्यावर ‘आता कोबाही करून टाकू’ असं म्हणू नका. आणि जुना कोबा गळतो म्हणून त्यावर दुसरा चढवणं तर अजिबात नको. तडकलेल्या कोब्यात पाणी विटांमध्ये साठून राहतं, पाऊस उघडल्यावरही झिरपत राहतं, आणि ते कुठून शिरतं हे शोधताना नाकी नऊ येतात.

गच्चीवर जायचंच नसेल तर डांबरी शीट चांगली. चार मिलिमीटरची घ्या. खालचा स्लॅब कोरडा आणि झाडून स्वच्छ केलेला हवा, आधी प्रायमर हवा आणि दोन पट्ट्यांचा जोड किमान चार इंच एकमेकांवर हवा. कारागीर बर्नर फिरवतो तेव्हा जोडातून वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर येते का ते जवळ उभं राहून पाहा. ती आली तर जोड चिकटला. उघडी काळी शीट मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात लवकर वाळते आणि खोली तापवते. वर चंदेरी पत्रीचा किंवा खड्यांचा थर असलेली घ्या.

ब्रशनं लावायची केमिकलं दोन तऱ्हेची मिळतात. सिमेंटमध्ये मिसळून लावायचं स्वस्त पडतं, पण त्याला ताण फारसा सोसत नाही. ते कोब्याखालचा थर म्हणून ठीक. पॉलियुरेथेनचं रबरासारखं ताणतं, म्हणून वाढीव खोलीला मला तेच जास्त पटतं. मात्र नवा स्लॅब किमान 28 दिवसांचा आणि आतून सुकलेला हवा, नाहीतर त्याखाली फुगे धरतात. पांढरा रंग घेतलात तर दुपारी फरक जाणवतो. चायना मोझॅकचे पांढरे तुकडेही ऊन परतवतात, पण तेही कोब्यावरच बसतात, तेव्हा वजनाचा हिशेब पुन्हा आलाच.

सोलापूरकडच्या, मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांवर दर वर्षी पावसाआधी पांढरी माती चढवत, दाबून बसवत, पन्हळी मोकळ्या करत. छत हे दर वर्षी बघायचं काम आहे, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आपण सिमेंट आलं तसं ते विसरलो. मृगाच्या आधी एकदा वर चढा, जाळीतली पानं काढा, कोपऱ्यात उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट उपटा.

आणि सोलर बसवायला माणूस येईल तेव्हा घरी थांबा. पाय रोवायला तो आवरणातून सरळ ड्रिल मारतो आणि तुमचे सगळे पैसे त्या चार भोकांतून वाहून जातात. टाकीसाठी, सोलरसाठी सिमेंटचे छोटे चौथरे आवरणाआधीच बांधून घ्या.

हे सगळं एप्रिलअखेर उरकेल असं धरून चाला, कारण ओल्या स्लॅबवर केलेलं काम टिकत नाही. कुणी दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद पुढे केला तर तो जरूर घ्या, पण शेवटचा हप्ता त्या कागदावर देऊ नका. पाइपांची तोंडं बंद करा, सगळ्यात उंच भागही बुडेल एवढं पाणी स्लॅबवर भरा, तीन दिवस तसंच ठेवा. कठड्यावर पाण्याच्या रेषेशी पेन्सिलनं खूण करा. शेजारी एक परात काठोकाठ भरून ठेवा, तिच्यातलं पाणी उन्हानं किती उतरतं ते कळेल. स्लॅबवरचं त्याहून बरंच जास्त उतरलं, तर ते कुठंतरी मुरतं आहे. तिसऱ्या दिवशी खाली जा आणि छताकडे पाहू नका, आधी जुन्या भिंतीचा सांधा आणि पंख्याचा डबा हातानं चाचपा. हात कोरडा निघाला की कंत्राटदाराला बोलवा आणि पैसे द्या.