थांबायला पैसा लागतो

"सोयाबीन लगेच विकू नका, भाव वाढेल." दर दिवाळीला हा सल्ला येतो. सल्ला खोटा नाही, पण थांबायचं कुणी? २०२४-२५ ला हमीभाव ४८९२ होता. माझा माल त्याच्या खाली गेला, तोही खळ्यावरूनच. कृषी केंद्राची उधारी, मळणीवाला, मजुरी, सगळे दारात उभे. ज्याचं गोदाम, त्यानं तोच माल घेऊन ठेवला. गावातला गरीब-श्रीमंत फरक नुसता एकरात नाही, थांबण्याच्या ताकदीत आहे.

मग उपाय? बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. पण एकट्याच्या दहा क्विंटलला गाडीभाडं परवडत नाही. दहा जण मिळून न्या. ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा.

आणि गट करा तर सहकाराच्या नियमानं: शेअर एक असो की शंभर, मत एकच. कुणी म्हणेल, सहकार पुढाऱ्यांनी खाल्ला. खरंय. पण वार्षिक सभेला आपण किती जण गेलो होतो?

यंदा माझे दहा क्विंटल गटात. तुमचे?